कोंडवाड्यातले बिनधन्याचे पोट्टे

मी फाटक बोलतोय. बागेचं नाही, बंगल्याचं तर नाहीच नाही. कोंडवाड्याचं. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. पुढं तुम्हाला सवड मिळणार नाही.

माझा जन्म बडनेऱ्याचा. लाकूड मेळघाटातलं सागवान, लोखंड भंगारातलं आणि हात उत्तमराव सुताराचे. उत्तमराव कारागीर चांगला, पण त्याला कोणी 'असं कर' म्हटलं की तो हटकून तसं करत नसे. ओव्हरसियरनं त्याला बजावलं होतं, पट्ट्या उभ्या मार. त्यानं आडव्या मारल्या. ओव्हरसियर चिडला, तेव्हा रंधा बाजूला ठेवून तो म्हणाला, "साहेब, म्हशीले का उभं आडवं समजते? घेऊन जा मुकाट्यानं."

म्हशीला समजत नव्हतं हे खरं. पण आडव्या पट्ट्यांचं फाटक म्हणजे शिडी, हे पोरांना पहिल्याच दिवशी समजलं. खालच्या पट्टीवर पाय, वरच्या पट्टीवर हात, जमिनीला एक धक्का, की मी करकरत निघालो अर्धा फेरा. जन्मभर लोक मला दार म्हणत आले. पोरांनी मला झोका म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला झोका होणंच जास्त आवडलं.

तर अमरावतीच्या एका पेठेत मला उभं केलं. पेठेचं नाव सांगत नाही. या हकिगतीतले दोघे-तिघे बडे लोक अजून हयात आहेत आणि सकाळी माझ्यासमोरूनच फिरायला जातात.

कोंडवाडा मोठा छान होता. मधोमध कडुनिंबाचं जुनं झाड, त्याच्याखाली दगडी हौद, हौदावर नळ. एका बाजूला टिनाची सावली, कडब्याचा ढीग, आणि कोपऱ्यात रखवालदार हुसेनमियाँची खोली. मियाँ या जागेला काँजीहौस म्हणत आणि ती आपल्या बापजाद्यांची जहागीर असल्यासारखे वागत. माझ्या वरच्या बिजागरीला त्यांनी कधी तेल म्हणून घातलं नाही. "करकर हुई के मैं जाग जाता," ते म्हणायचे. माझं करकरणं हीच त्यांची पहाऱ्याची घंटा होती.

मला भीती होती फक्त शिमग्याची. होळीसाठी लाकूड पळवणं हा पेठेतल्या पोरांचा मानाचा उद्योग. एका वर्षी त्यांनी मला बिजागरीतून अलगद उचललं, चौघांनी खांद्यावर घेतलं आणि नवरदेवासारखं मिरवत थेट होळीपाशी नेलं. मियाँ लुंगी सावरत मागं धावले. "कमबख्तो, वो सरकारी हाय! उसकू जलाया तो सब के बाप अंदर जाएंगे!" बाप अंदर जाण्याची कल्पना काही पोरांना पसंत पडलेली दिसली, पण शेवटी त्यांनी मला परत आणून टांगलं. माझी डावी कड तेव्हा जरा काळवंडली, ती अजून तशीच आहे.

जनावरांपेक्षा मला माणसं बघायला मजा यायची. कोणाची म्हैस कोणाच्या शेतात शिरली, गाय बाजारात भाजी खाऊ लागली, की तिला हाकत माझ्या आत आणत. मग तिचा धनी यायचा. पट्टीवर कोपर टेकवून आत बघायचा, आपली म्हैस ओळखायचा आणि म्हणायचा, "छे बाप्पा, हे आपली नव्हेच." दंड भरायची वेळ आली की अख्ख्या वऱ्हाडात कोणाचंच जनावर कोणाचं नसे. मग संध्याकाळी धारेची वेळ झाली, आतून म्हैस हंबरली, की तोच धनी धावत यायचा. "अवो मियाँ, माहीच हाय ते! सकाळी ऊन डोळ्यावर होतं."

माझ्या अंगावर एक पत्र्याची पाटी ठोकलेली होती. मराठीत आणि उर्दूत. कोंडलेल्या जनावरास पुरेसा चारा, पाणी व सावली देण्यात येईल. कोंडलेल्या जनावरास कोणी मारू नये. धनी आल्याशिवाय जनावर सोडण्यात येणार नाही. मुदतीत धनी न आल्यास लिलाव होईल. आल्या-गेल्याच्या पाठी त्या पाटीला घासायच्या, वाचत मात्र कोणीच नव्हतं.

माझ्यासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडं शाळा. पेठेतल्या प्रतिष्ठित मंडळींनी काढलेली. इमारत म्हणजे पूर्वीची कापसाची वखार. वर टिन, खिडक्या हात पोचणार नाही इतक्या उंच, कारण कापसाला बाहेर बघायची गरज नसते. शाळेपुढं मैदान होतं, पण ते मंडळाचे अध्यक्ष खुशालराव यांच्या बंड्यांनी, म्हणजे बैलगाड्यांनी, भरलेलं असे. खुशालरावांची जिनिंग फॅक्टरी होती. कापसाच्या बंड्या तिथं सुटायच्या, बैल तिथंच रवंथ करायचे. पोरं बंडीखाली सापडू नयेत म्हणून मधल्या सुट्टीत शाळेचं दार बाहेरून लावून घेत. सुट्टी आत बसून घ्यायची.

आणि पाण्याची गोष्ट तर ऐकाच. पोरांसाठी माठ ठेवावा असं एकदा मंडळात निघालं. पण शाळेत वकिलाचं पोरगं होतं, भिक्षुकाचं होतं, पिंजाऱ्याचं होतं, चांभाराचंही होतं. मग माठ किती ठेवायचे, कोणाचा कुठं, कोणी भरायचा, कोणी कोणाच्या माठाला शिवायचं नाही, यावर सभांवर सभा झाल्या. माझ्यासमोरच त्यांचे टांगे उभे असत, त्यामुळं सगळं माझ्या कानावर यायचं. शेवटी एकमतानं ठरलं की माठच ठेवायचा नाही. भांडण मिटलं. या निकालाचा मंडळाला फार अभिमान होता.

हुसेनमियाँची नात अनवरी त्याच शाळेत जायची. आई-बाप नसलेली, आजोबाच तिचं सगळं. लिहिण्यावाचण्याचं तिला वेड. हौदाच्या काठावर ओल्या बोटानं अक्षरं काढायची आणि ती सुकायच्या आत वाचून दाखवायची. मियाँना अक्षर येत नव्हतं, पण ते मान डोलवायचे. त्या वर्षी शिमगा झाला, ऊन तापलं, सकाळची शाळा अजून सुरू व्हायची होती. दुपारी टिनाखाली बसलेली अनवरी भोवळ येऊन पडली. मास्तरांनी आपल्या तांब्यातलं पाणी तिच्या तोंडावर मारलं आणि घरी पाठवून दिलं. पोरीला ताप भरला.

ताप उतरला तेव्हा मियाँ तिला म्हणाले, "बस हुआ. अब नही जाना. जहाँ भैंस बी न रहे, वहाँ मेरी पोती नही बैठेगी." माझ्या पट्टीवर हनुवटी टेकवून अनवरी शाळेकडं बघत राहिली. मला फार वाईट वाटलं. मी लाकडाचा आहे म्हणून मला काही वाटत नाही, असा समज करून घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी तिची मैत्रीण आली. कुंदा. हरिहरपंत वकिलांची मुलगी. वेणी एवढीशी, पण तोंड बापाचं. धाकट्या भावाचा, वसंताचा हात धरून ती यायची आणि आल्या आल्या माझ्यावर चढायची.

"काहून येऊन नाई राहिली वं शाळेत?"

"दादाजी जाऊ देत नाईत," अनवरी म्हणाली. "म्हणतात, म्हैस झाली असतीस तं बरं होतं."

कुंदा हसली. मग लोंबत असताना तिचं लक्ष पाटीकडं गेलं. तिनं मोठ्यानं वाचलं. चारा. पाणी. सावली. मारू नये. वाचून झाल्यावर ती खाली उतरली आणि पुन्हा एकदा वाचलं, या वेळी अगदी हळू.

"वसंता," ती म्हणाली, "हे तं आपल्या शाळेहून चांगलं हाय."

तिच्या मनात काय शिजतंय ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. जाताना तिनं आपल्या तेल थापलेल्या वेणीचं टोक धरलं आणि माझ्या वरच्या बिजागरीवर खसाखसा घासलं. वरची झाली, मग खालची. खोबरेल तेल. आयुष्यात पहिल्यांदा माझी करकर बंद झाली. मला गुदगुल्या झाल्या, पण हसायची सोय नव्हती.

पुढल्या दिवशी मधल्या सुट्टीत हेडमास्तर कमलाकांत मास्तर दाराला कडी घालायला विसरले की कुंदानं ती आधीच काढून ठेवली होती, हे मला माहीत नाही. मी एवढंच पाहिलं की शाळेचं दार उघडलं आणि पोरं ओळीनं, अगदी गुपचूप, रस्ता ओलांडून माझ्याकडं आली. मियाँ खोलीत जेवून आडवे झाले होते. मी उघडलो, अजिबात न करकरता. सगळी पोरं आत आली. शेवटी वसंतानं टाचा उंचावून माझी कडी लावली.

मियाँ उठून बाहेर आले तेव्हा कडुनिंबाखाली पोरंच पोरं. कोणी हौदावर वाकून ओंजळीनं पाणी पितंय, कोणी कडब्यावर लोळतंय, एक जण म्हशीच्या पाठीवर. नळाला सगळ्यांच्याच ओंजळी लागत होत्या, आणि नळ बिचारा मंडळाचा सभासद नव्हता. कुंदाच्या आजीला हे कळलं असतं तर पोरीला तुळशीजवळ उभी करून घागरभर पाणी ओतलं असतं.

"या अल्ला! ये क्या तमाशा हाय?"

कुंदा पुढं झाली. "आमी मोकाट सुटलो होतो, चाचा. रस्त्यावर भेटलो. आमाले कोंडा."

"पागल हुई क्या, बेटी? मेरी नौकरी जाएगी!"

"काहून जाईल? पाटीवर कोठी लिवलं हाय का जनावराले पायच चार लागतात?"

मियाँनी पाटीकडं पाहिलं. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ पाहिलं. मग खोलीच्या उंबऱ्यात उभ्या असलेल्या नातीकडं पाहिलं. ती हसत होती. आजारातून उठल्यापासून पहिल्यांदाच. मियाँ मुकाट्यानं माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझ्या कडीत कुलूप अडकवलं.

इतक्यात कमलाकांत मास्तर छडी घेऊन तणतणत आले. माणूस वाईट नव्हता. मंडळाला भ्यायचा, आणि भ्यालेला माणूस पोरांवर ओरडतो एवढंच. "बाहेर या! एकेकाची साल काढतो!"

पोरांनी एका सुरात पाटी म्हणायला सुरुवात केली. "कोंडलेल्या जनावरास कोणी मारू नये!" पाढे म्हणावेत तसं.

"मास्तरसाब," मियाँ हात जोडून म्हणाले, "फाटक के अंदर मारना मना हाय. अन् धनी आए बिगर मैं छोड नही सकता. इनका धनी कौन?"

"धनी? अहो, यांचे आई-बाप!"

आई-बापांना बोलावणं गेलं. निम्मी पेठ माझ्यासमोर जमली. टांगे थांबले. हरिहरपंत वकील कोर्टातून घरी जेवायला येत होते, ते गर्दी बघून शिरले. त्यांना कोणीतरी मत विचारलं, आणि वकिलाला मत विचारलं की तो आधी मत देतो, मग प्रकरण काय ते बघतो. घसा खाकरून पंत म्हणाले, "शाळेच्या वेळेत मुलांचा ताबा शाळेकडे. आई-बापांचा संबंध नाही. सरळ आहे."

वरच्या पट्टीवरून आवाज आला, "मंग माहा धनी कोन, बाबा?"

पंतांनी वर पाहिलं. त्यांची पगडी जरा कलली. "तू... तू आधी खाली उतर."

"उतरता येत नाई. कोंडलेली हाओ."

मग खुशालराव आले. धोतराचा सोगा हातात, मागं दिवाणजी. मास्तरांनी चाचरत त्यांना सगळं सांगितलं. "मंडळ का करणार याच्यात?" खुशालराव गरजले. "मंडळानं इमारत देल्ली. पोट्टे मंडळाचे थोडीच हाएत? मास्तर, तुमी पगार घेता, तुमचे पोट्टे."

"मी नोकर माणूस, साहेब," मास्तर पुटपुटले.

आता माझी अवस्था बघा. जन्मभर म्हशींचे धनी मी पाहिले होते. तेच कोपर टेकणं, तीच बाजूला वळलेली नजर, तेच 'आपलं नव्हेच'. फक्त या वेळी आत म्हशी नव्हत्या.

"धनी नाई भेटला तं लिलाव होते!" वसंत आनंदानं ओरडला. पोरांना ही कल्पना भलतीच आवडली. एक जण हौदाच्या कट्ट्यावर चढून म्हणाला, "मी डावखुरा हाओ, पण पळतो चांगला!" दुसरा म्हणाला, "मी खातो कमी!" त्याच्या आईनं गर्दीतून ओरडून सांगितलं की ही सपशेल थाप आहे. लोक पोट धरून हसले.

आणि नेमका त्याच वेळी शाळेपुढच्या मैदानातून खुशालरावांचा पांढरा खिल्लारी बैल सुटला. गाडीवान गंमत बघायला गर्दीत घुसला होता. बैलालाही सकाळपासून पाणी नव्हतं. हौदाचा वास धरून तो संथपणे रस्ता ओलांडून आला. गर्दी आपोआप दुभंगली. मियाँनी कुलूप काढलं, मी उघडलो, बैल आत गेला, मी मिटलो. तो हौदात तोंड घालून पाणी पिऊ लागला.

"अबे ए! सोड त्याले!" खुशालराव धावले. माझ्यावर हात आपटत म्हणाले, "माहा हाय तो! माहा बैल हाय! मी धनी हाओ त्याचा!"

कुंदा वरच्या पट्टीवरच होती. तिचं तोंड खुशालरावांच्या फेट्याच्या बरोबरीला आलं होतं.

"बैलाचा धनी लगेच भेटला, चाचा," ती मियाँना म्हणाली.

लोक हसले. आधी जोरात, मग एकेक जण हसायचा थांबला. बायांनी पदर तोंडाला लावले. खुशालरावांचा हात माझ्यावर तसाच राहिला. तो घामानं ओला झाला होता, हे मी शपथेवर सांगू शकतो. हरिहरपंतांनी पगडी काढून काखेत धरली आणि ते जमिनीकडं बघू लागले.

तेवढ्यात कमलाकांत मास्तर पुढं आले. त्यांनी छडी माझ्या बाहेर, धुळीत टाकली. मियाँनी विचारायच्या आधीच ते आत शिरले आणि झाडाखाली जाऊन उभे राहिले. "मियाँ, मी धनी. ही माझी पोरं आहेत." मग खुशालरावांकडं बघून ते म्हणाले, "पण यांना मी नेऊ कुठं? तिकडं ना पाणी, ना सावली. ते मिळेपर्यंत शाळा इथंच भरेल. बसा रे सगळे. पाटी नसली तर बोटानं लिहा."

पोरं बसली. बैलही बसला.

हुसेनमियाँ खोलीच्या उंबऱ्यापाशी गेले. अनवरीच्या खांद्याला धरून त्यांनी तिला मास्तरांसमोर आणलं. एवढंच म्हणाले, "मास्तरसाब... ये बी?"

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ही पण."

अनवरी पटकन कुंदाशेजारी बसली. हौदाचं पाणी सांडून जमीन ओली झाली होती, तिच्यात बोट घालून तिनं अक्षर काढलं. मी कोरडा सागवान, पण त्या वेळी मला पालवी फुटते की काय असं झालं.

शाळा कोंडवाड्यात भरत राहिली. अकोल्याहून शाळा तपासायला साहेब यायचे होते, ही बातमी मंडळाला आठवली आणि सगळ्यांचे पाय एकदम हलके झाले. बैल शाळेत आणि शाळा कोंडवाड्यात, हे साहेबाला कसं समजावून सांगायचं? साहेबाच्या आधीच खुशालरावांच्या बंड्या जिनिंगच्या आवारात गेल्या. वखारीच्या खिडक्या फोडून पोरांच्या उंचीला आणल्या. माठाचा प्रश्न पुन्हा निघाला, तेव्हा हरिहरपंत म्हणाले, नळ आणा, नळाला सोवळं-ओवळं नसतं. माझ्या हौदापासून शाळेपर्यंत नळ टाकला. पंतांच्या घरी या वाक्यावरून काय झालं, ते मी ऐकलं नाही. माझे कान तेवढे लांब नाहीत.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. कोंडवाडा गावाबाहेर गेला. मियाँ अल्लाघरी गेले. मला काढून भिंतीला टेकवून ठेवलं, तेव्हा मी समजलो की आता शिमगा काही टळत नाही. पोरं आलीही होती, दोर घेऊन. पण कोणीतरी बाई पुढं झाली आणि तिनं मला शाळेच्या मैदानाच्या तोंडाशी टांगून घेतलं. हल्ली लढाईपायी लोखंडाला सोन्याचा भाव, त्यामुळं माझी कडी कोणीतरी उपटून नेली. बरं झालं. आता मला बंदच होता येत नाही.

ती बाई म्हणजे अनवरी. या शाळेची मास्तरीण. सकाळी सगळ्यांच्या आधी येते, नळ चालू आहे का बघते, मग घंटा देते. पोरं आत जातात. मैदान रिकामं झालं की अनवरीबाई इकडं बघतात, तिकडं बघतात, पदर खोचतात, माझ्या खालच्या पट्टीवर पाय ठेवतात आणि जमिनीला एक धक्का देतात.

तेव्हा बाबांनो, माझी एवढीच विनंती आहे. माझ्या बिजागरीला तेल घालू नका. ती करकरली की आतली सगळी पोरं त्या बुटक्या खिडक्यांशी धावतात, आणि आपल्या बाई झोका घेताना त्यांना दिसतात.